पाण्याच्या जागी जमीन

१

रोज सकाळी चहाच्या आधी चिझुरु उमेदा ओलं कपाट उघडायची. आत टांगलेली फडकी चाचपायची, पिळून पुन्हा भिजवायची, दार सरकवून घट्ट लावायची, आणि मगच स्वतःच्या पोटाचं बघायची. हा क्रम तिच्या आजोबांच्या वेळेपासूनचा. जगातले बाकीचे रंग वाळायला ऊन मागतात. लाखेच्या झाडाचा चीक मात्र उफराट्या स्वभावाचा. त्याला ओल मिळाली तरच तो कडक होतो, नाहीतर महिनाभर चिकट तोंड करून बसतो. म्हणून जपानातल्या ताकामात्सुच्या त्या गल्लीत, समुद्रापासून चार घरं आत, उमेदांच्या कामाच्या खोलीत भिंतभर पसरलेलं देवदाराचं कपाट होतं. एक माणूस मांडी घालून आरामात बसेल एवढं खोल. लहानपणी चिझुरु त्यात लपायची आणि दुसऱ्या दिवशी चिकानं अंगभर पुरळ उठून पकडली जायची.

आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती. लग्न राहून गेलं, लाख राहिली. घरात ती आणि तिचे वडील गेन्साकु, दोघंच. गेन्साकुंना सत्त्याऐंशी पूर्ण झाली होती. एके काळचे नावाजलेले कोरीव कारागीर, पण आता डावा गुडघा साथ देत नव्हता आणि डोकंही मधूनच रजा घ्यायचं. काठीशिवाय त्यांना ओसरीपर्यंतही जाता येत नसे.

त्या ऑक्टोबरात कपाटात एकच वस्तू होती. गोल, लाल डबा. चीनमध्ये घडलेला, चारेकशे वर्षांपूर्वी. लाकडावर लाल लाखेचे दोनशेच्या वर थर, रोज एक, आणि मग त्या जाड लाखेत कोरणीनं कोरलेलं चित्र. उमेदा घराण्याचा धंदाही हाच. ही कला समुद्रापलीकडून आली, इकडच्यांनी ती इतकी आपलीशी केली की ‘तुम्ही हे कुणाकडून शिकलात’ असं कुणी विचारलं की इथले कारागीर चहा ओतायच्या निमित्तानं उठून जातात.

डब्याच्या झाकणावर डावीकडे उघड्या दाराचं एक घर होतं, दाराशी दोन माणसं. उजवीकडे झाडाखाली ओटा, ओट्यावर बसलेली तिघं. मधला दोन बोटं रुंदीचा तुकडा उडाला होता. मालकीण मारुगामेच्या किउचीबाई, चहासोहळ्याच्या शिक्षिका. दहा नोव्हेंबरला त्यांच्याकडे हिवाळ्याची चूल पेटवायचा समारंभ होता, आणि त्या दिवशी डबा पाहुण्यांपुढे यायलाच हवा होता.

उडालेल्या भागाच्या कडा इतक्या झिजल्या होत्या की मूळ नक्षी ओळखू येईना. मग घराण्याची वही काढली. वहीत मोकळ्या जागा भरायच्या तीन नक्ष्या होत्या: किल्ली, फुलचौकट आणि खवले. गेन्साकुंनी डोळे बारीक करून झाकण पाहिलं आणि म्हणाले, “फुलचौकट घाल. भरल्यासारखं दिसेल.” चिझुरुनं फेब्रुवारीपासून रोज एक थर दिला, सप्टेंबरअखेर फुलचौकट कोरली, शेवटचा पातळ हात देऊन डबा कपाटात ठेवला.

त्यानंतर आठवड्याभरानं, धुवायच्या कपड्यांत बाबांचे पांढरे मोजे तळव्याला लाल निघाले.

चिझुरुला प्रथम त्यात काही विशेष वाटलं नाही. या घरात लाल काय नव्हतं? कोरताना उडणारा भुसा तिच्या केसांत, भातात, नाकातसुद्धा सापडायचा. पण कोरणं संपून आठवडा झाला होता, खोली झाडून पुसून लख्ख होती, आणि बाबा उन्हाळ्यापासून या खोलीत फिरकले नव्हते. तिनं ती लाली बोटात चोळून पाहिली. ती कचकचली.

लाखेचा भुसा कचकचत नाही. कचकचते ती माती.

२

“बाबा, कुठं फिरून आलात?” दुपारी उदोनच्या जाड शेवयांचा वाडगा पुढे ठेवत तिनं सहज विचारलं.

“पलीकडं,” गेन्साकु म्हणाले.

“पलीकडं म्हणजे? शेजारी नाकाजिमांकडं?”

“नाकाजिमाकडं मी कशाला मरायला जाऊ? त्याची बायको पाहुण्याचं तोंड बघून चहाची पत्ती घालते.” त्यांनी वाडगा बाजूला सारला. ताकामात्सुचा माणूस उदोन बाजूला सारतो हे चिझुरुनं आजवर फक्त मयताच्या घरी पाहिलं होतं. “पलीकडं, ओट्यावर. त्यांनी चहा दिला. आपल्यासारखा नाही. पानं तशीच तरंगत ठेवतात, आणि प्यायचं फुंकर मारून. खायलाही दिलं.”

“कोणी दिलं?”

“अगं, नावं काय विचारायची लगेच? चांगली माणसं आहेत. मी गेलो की उठून उभी राहतात. या गल्लीत आता माझ्यासाठी उठतं का कुणी?”

एवढ्यावर ते खुशीत हसले. त्यांच्या गालांवर चक्क रंग आला होता. चिझुरुनं वाडगा उचलला. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसानं महिनोन्‌महिने एकाच डब्याचं चित्र पाहिलं, तर ते चित्र त्याच्या स्वप्नात येणारच, असं तिनं स्वतःला समजावलं. समजावणं पटलंही. तरी संध्याकाळी तिनं डबा बाहेर काढला आणि भिंगाखाली धरला.

दाराशी दोघं, ओट्यावर तिघं. पूर्वी होते तसेच, पूर्वी होते तिथंच. कुणी बोटभरही हललेलं नव्हतं. तिला स्वतःचंच हसू आलं. डबा परत ठेवताना तिनं सवयीनं फडकी चाचपली. डावीकडची ओली होती. उजवीकडची सकाळी तिनंच भिजवली होती, ती उन्हात वाळवल्यासारखी कोरडी ठणठणीत होती.

३

चिझुरु भित्री नव्हती. खरं तर तिला भीतीपेक्षा कुतूहलाचीच खोड होती. लाख का वाळत नाही याचा छडा लावायला तिनं एकदा तीन दिवस कपाटासमोर मुक्काम ठोकला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर, बाबा वामकुक्षीला आडवे झाले तसं तिनं उदोनच्या पिठाचा डबा काढला आणि बाबांच्या खोलीपासून कामाच्या खोलीपर्यंतच्या लाकडी बोळात पीठ चाळून पसरलं. अगदी पातळ. मग मोठ्यानं “बाबा, मी मासळीबाजारात जाऊन येते!” असं ओरडली आणि खरंच गेली. दीड तास तिनं बाजारात नको असलेल्या माशांचे भाव विचारले.

परत आली तेव्हा बाबा अंथरुणात घोरत होते. काठी उशाशी.

पिठात पावलं होती. जाणारी पावलं बाबांची, यात शंकाच नव्हती. उजवं पाऊल स्पष्ट, डावं फरफटलेलं, बाजूला काठीचे गोल ठिपके. ती बोळातून कामाच्या खोलीत शिरत होती आणि कपाटाच्या दाराशी संपत होती. परतणारी पावलंही तिथूनच निघाली होती. पण ती दोन्ही सारखीच स्पष्ट, एका अंतरावर, तरण्या माणसाची असावीत तशी. काठीचा ठिपका एकही नव्हता.

ती पिठाशेजारी उकिडवी बसून राहिली. बाबांना झोपेत चालायची सवय लागली असेल. आत बसून बसून गुडघा मोकळा झाला असेल. काठी काखेत धरून आले असतील. प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर होतं. फक्त बाबा कपाटात बसून करतात काय, एवढाच प्रश्न उरत होता, आणि तो विचारायला तिला तिथं कुणी नव्हतं.

तिनं पीठ झाडून घेतलं. मग बाबांच्या पायाशी जाऊन हळूच पांघरूण वर केलं. मोजे लाल होते, आणि पाय गरम. अनवाणी उन्हातून चालून आल्यावर होतात तसे.

४

गुरुवारी थांगबाई आल्या. थांग यूचन, मूळ चीनमधल्या यांगचौच्या. शहरातल्या लाखकामाच्या शाळेत तीन महिन्यांसाठी पाहुण्या शिक्षिका म्हणून आलेल्या. साठीची, आडव्या बांध्याची, मोठ्यानं बोलणारी बाई. दोघींची गट्टी पहिल्याच भेटीत जमली होती. बोलणं अर्धं जपानीतून, अर्धं हातवाऱ्यांनी, आणि अगदीच अडलं की कागदावर अक्षरं लिहून. अक्षरं दोघींची एकच.

“आज काय खायला घालणार?” असं दारातूनच विचारत थांगबाई आत आल्या, आणि चिझुरुनं डबा कपाटातून काढून पुढे ठेवताच खायचं विसरल्या. झाकण प्रकाशाकडे तिरपं धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“हा तुकडा कुणी भरला?”

“मीच.”

“हात सोन्याचा आहे गं तुझा. पण डोकं कुठं ठेवलं होतंस त्या दिवशी?”

चिझुरुला काही कळेना. थांगबाईंनी कागद ओढला, वहीतल्या तीन नक्ष्या भराभर काढल्या आणि प्रत्येकीखाली एकेक अक्षर लिहिलं. किल्लीखाली आभाळ. खवल्यांखाली पाणी. फुलचौकटीखाली जमीन. ती अक्षरं चिझुरुला जन्मभर वाचता येत होती. ती या नक्ष्यांची नावं आहेत, हे मात्र या घरात तीन पिढ्यांत कुणाला माहीत नव्हतं. आजोबांनी चिनी डब्यांवर कागद ठेवून घासून ठसे घेतले, ठशांची वही केली. नक्ष्या समुद्र ओलांडून आल्या आणि अर्थ तिकडेच राहिला.

“आमच्याकडं याला पहिल्या वर्षीच हातावर छडी बसते,” थांगबाई म्हणाल्या. “मोकळी जागा कधी मोकळी नसते, बाई. माणूस कशावर उभा आहे ते ती सांगते. आता हे बघ. हा इकडचा काठ. हा तिकडचा काठ. आणि ही तू जिला काटकी समजलीस ना, ती काटकी नव्हे, वल्ह्याचं टोक आहे. होडी तुकड्याबरोबर उडाली. इथं पाणी होतं.”

चिझुरुचे कान तापले. लाज वाटली, खरीखुरी, चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला वाटते तशी.

“मी पाण्याच्या जागी जमीन घातली,” ती म्हणाली.

“घातलीस.”

“मग काय होतं त्यानं?”

“काय व्हायचंय? होडी नको. चालत जातील, चालत येतील.” थांगबाई खदखदून हसल्या. हसता हसता त्यांचा हात मागे टेकायला कपाटाच्या दाराला लागला, आणि हसू थांबलं. त्यांनी तळवा दारावर तसाच ठेवला. मान थोडी कलती केली.

“आत कुणी आहे?”

“छे! आत कोण असणार? डबा असतो फक्त.”

“डबा तर इथं आहे,” थांगबाई म्हणाल्या, “माझ्या मांडीवर.”

दोघींनी दाराला कान लावले. देवदाराच्या फळीमागून आवाज येत होता, अगदी हलका. खडीवरून कुणीतरी सावकाश येरझारा घालत होतं. चिझुरुनं उठून दार सरकवलं. फडकी, फळ्या, चिकाचा आंबूस वास. थांगबाईंनी त्या दिवशी जेवण नको म्हटलं. जाताना दारात त्या फक्त एवढंच बोलल्या, “खाली जाडी शिल्लक असेल तर खरवडून टाक. पाणी कर तिथं.”

५

जाडी होती. फुलचौकटीखाली अजून शंभर थर होते, आणि त्यांच्याखाली लाकूड. वरची जमीन खरवडून त्या शंभरात खवले बसवता आले असते. एकदाच. चुकलं तर पुन्हा कोरायला काही उरलं नसतं.

ती संध्याकाळी बाबांजवळ बसली. आता तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“बाबा, पलीकडं काय बोलता तुम्ही त्यांच्याशी?”

“बोलतात तेच. मी ऐकतो. फार चौकस माणसं आहेत, पण अदबीनं विचारतात हं. किती वाजता जेवता, घराला दारं किती, समुद्र किती लांब.” गेन्साकु आठवून आठवून सांगत होते, कौतुकानं. “परवा विचारत होते, घरात कोण कोण असतं. म्हटलं, मी आणि लेक. तर म्हणाले, लेक कुठल्या खोलीत झोपते?”

चिझुरु त्यांच्याजवळ सरकली.

“तुम्ही सांगितलंत?”

“विचारलं तर सांगायला नको? त्यांचं खाल्लंय मी.” मग ते जरा गंभीर झाले. “एकच विचित्र आहे. आवाज ओळखीचे वाटतात, पण तोंडं बघावीत म्हटलं तर राहून जातं. बसतात जवळ, पण बघायचं राहूनच जातं.”

“बाबा, आता जायचं नाही तिकडं.”

“का गं?”

“मी तिथं पाणी करणार आहे. ते पाणीच होतं मुळात. आपलं चुकलं.”

गेन्साकुंचा चेहरा लहान मुलासारखा पडला. “चुकलं असेल,” ते पुटपुटले. “पण माझा गुडघा तिकडं दुखत नाही, चिझुरु.”

या एका वाक्यानं तिला रडू कोसळलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, भांडी आपटली, डोळे पुसले. बाबांचा गुडघा बरा होणं तिला हवं होतं. दारं किती आहेत ते मोजणारी माणसं घरात यायला नको होती. दोन्ही एकदम जमणारं नव्हतं, आणि बाबा तिकडे असताना पाणी झालं तर ते तिकडेच राहणार, हेही तिला स्पष्ट दिसत होतं. तिनं ठरवलं, बाबा डोळ्यांसमोर असतील तेव्हाच कोरायचं.

६

तीन दिवस लागले. तिनं बाबांचं अंथरूण कामाच्या खोलीत, स्वतःच्या चौरंगाशेजारी आणून टाकलं. दुपारी त्यांना डुलकी लागली की ती त्यांच्या घोट्याला दोरी बांधून तिचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधायची. ते हसायचे. “मी काय बकरी आहे?”

“बकरी परवडली. ती निदान सांगितलेलं ऐकते.”

दोन दिवस जमीन खरवडण्यात गेले. एकेक फूल निघताना तिला आपलेच उन्हाळ्याचे दिवस सोलून काढल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी तिनं खवले कोरायला घेतले. त्याआधी, दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाच, फक्त एकदाच, ती शौचाला गेली होती तेवढ्यापुरती दोरी सोडली होती. पाच मिनिटं. आली तेव्हा बाबा अंथरुणात बसलेले होते, हात मांडीवर, शांत. तिनं दोरी पुन्हा बांधली. मोजे पाहिले. स्वच्छ पांढरे. बरं वाटलं तिला. आज माती लागली नाही, म्हणजे गेले नाहीत, असं ती म्हणाली, स्वतःशीच.

शेवटचा खवला तिसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला पुरा झाला. बाबा शेजारीच होते, तिच्या हाताकडे लक्ष देऊन बघत होते. कोरणी उचलली त्याच क्षणी कपाटाच्या आत आवाज झाला. पाटाचं दार उघडल्यावर भातखाचरात पाणी शिरतं तसा, भरत भरत जाणारा, मग थांबलेला.

“झालं, बाबा,” ती म्हणाली. तिचे खांदे भरून आले होते. “सुटलो.”

“फार सुरेख काम आहे,” बाबा म्हणाले. “आपला हात फार चांगला आहे.”

‘आपला’ म्हणजे घराण्याचा, असं तिला वाटलं.

७

रात्रीच्या जेवणाला अजून अवकाश होता, पण ती दमली होती म्हणून तिनं उजेड असतानाच उदोन शिजवला. बाबांनी वाडगा दोन्ही हातांनी घेतला, कपाळापर्यंत उचलून मान लववली, आणि पहिला घास घ्यायच्या आधी रश्श्यावर फुंकर मारली. मग सगळं संपवलं. वाडगा ठेवून त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

“छान घर आहे आपलं,” ते म्हणाले. “ऐकलं होतं तसंच. तीन दारं.”

चिझुरुचा हात वाडग्यावरच थांबला.

“बाबा?”

“आपली फार अडचण केली मी. आता होडी कधी सुटते तेवढं सांगा, म्हणजे निघतो.”

चेहरा बाबांचाच होता. भुवईवरचा चामखीळ, अर्धवट दाढी, सगळं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तरीही नीट बघणं राहून जात होतं. नजर कानापर्यंत जायची, हनुवटीपर्यंत जायची, आणि मधलं निसटायचं. तो उठून उभा राहिला, सहज, कशाचाही आधार न घेता.

त्याच वेळी कामाच्या खोलीतून आवाज आला. डुबुक. मग पुन्हा, थोडा अलीकडे. डुबुक. कुणीतरी काठीनं पाण्याची खोली बघत होतं.

चिझुरु धावली. बाबांची काठी अंथरुणाशी नव्हती. ती दुसऱ्या दिवसापासूनच नव्हती, आणि तिनं मोजे बघितले होते, काठी बघितली नव्हती. तिनं कपाटाचं दार एका झटक्यात सरकवलं.

फडकी सगळी चिंब होती, थेंब थेंब गळत होती. डबा चौरंगावर, आत काहीच नव्हतं. फक्त मागची फळी जिथं असायला हवी तिथं ती नव्हती, नजर पुढे पुढेच जात होती. आणि खूप लांब, खालच्या अंगाला, काठीवर दोन्ही हात ठेवून वाकलेलं एक माणूस. एवढंसं. तिनं डोळे मिचकावले आणि समोर पुन्हा देवदाराची फळी होती, तिच्या रेषांसकट. आवाज मात्र फळीतून आला, स्पष्ट, थोडा चिडका, तिच्या जन्मापासूनच्या ओळखीचा.

“चिझुरु! हे किती खोल आहे गं?”

तिला ते नक्की माहीत होतं. तिनंच मोजून खरवडलं होतं. शंभर थर. नखाच्या जाडीहून थोडं जास्त.

“पाय घालू नका!” ती फळीला तोंड लावून ओरडली. “बाबा, ऐकताय ना? पाय घालू नका! मी भरून काढते!”

“किती दिवस?”

ती रडत होती, पण हिशोब तिच्या हातात मुरलेला होता. रोज एक थर, त्याच्यापेक्षा घाई केली तर लाखेला सुरकुत्या पडतात.

“शंभर,” ती म्हणाली.

पलीकडे काठी खडीवर टेकली गेली. मग म्हातारा खाकरला. “ब्रश आधी तेलानं धू,” तो म्हणाला. “तू नेहमी विसरतेस.”

८

तिनं किउचीबाईंना फोन करून सांगितलं, डबा फेब्रुवारीपर्यंत मिळणार नाही. बाई आधी हसल्या, मग रागावल्या, मग म्हणाल्या की उमेदांचं नाव त्या मारुगामेत कुणापुढे पुन्हा काढणार नाहीत. चिझुरु “हो” म्हणाली. थांगबाई गुरुवारी आल्या तेव्हा तिनं दार फक्त फटीएवढं उघडलं आणि बरं नाही म्हणाली. थांगबाईंनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. आतला माणूस त्यांना पाहून अदबीनं उठून उभा राहिला. थांगबाई त्याच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या, त्यानं त्याच भाषेत उत्तर दिलं, आणि त्या उलट्या पावली फाटकापर्यंत गेल्या. काय बोललात, असं चिझुरुनं विचारलं नाही. तिला शंभर दिवस काढायचे होते.

तो माणूस त्रास देत नव्हता. वेळेवर जेवायचा, वाडगा विसळून ठेवायचा, फडकी भिजवायला तिच्याआधी उठायचा. दारं सकाळी उघडून संध्याकाळी लावायचा, तिन्ही. ती खोलीत झोपायला गेली की बोळात बसून असायचा. ती त्याच्याकडे बघत नसे, आणि बघितलं असतं तरी काही उपयोग नव्हता.

रोज सकाळी ती ब्रश तेलानं धुवायची, बायकांच्या केसांचा तो जुना चपटा ब्रश, चीक गाळून घ्यायची आणि खवल्यांवर एक पातळ हात फिरवायची. मग डबा कपाटात ठेवून फळीशी तोंड नेऊन सांगायची, “बाबा, तीन.” “बाबा, सात.” तिकडून कधी खाकरणं यायचं, कधी काठीचा डुबुक आवाज. रोज थोडा उथळ होतोय असं तिला वाटायचं. आशेनं तसं वाटत असेल, हेही तिला कळत होतं.

अकराव्या सकाळी थर देऊन ती फळीशी वाकली, तर बाबा आधीच बोलत होते, दबक्या आवाजात.

“पोरी, ऐक. भरू नकोस.”

“काय? का?”

“मी एकटा नाही इथं काठावर. मला वाटलं होतं ओट्यावरचे तेच तिघं असतील. पण रोज येतायत. माझ्यामागं उभे राहतायत, ओळीत, अदबीनं. शेवट दिसत नाही मला. कुणी ढकलत नाही, कुणी बोलत नाही. फक्त रोज सकाळी विचारतात, किती झाले. मी खरं सांगत नाही, चिझुरु. मी मुद्दाम चुकीचं सांगतो. तू भरू नकोस. माझं राहू दे.”

ती फळीवर कपाळ टेकून उभी राहिली. आत, बाबांच्या आवाजामागे, आता तिलाही ऐकू येत होतं. बोलणं नव्हतं ते. पुष्कळ माणसं जवळजवळ उभी राहिली की जो श्वासांचा आवाज होतो, तो.

मागे पाऊल वाजलं. तो माणूस चिकाची वाटी घेऊन दारात उभा होता, दोन्ही हातांत, जपून, एकही थेंब न सांडता. त्यानं कपाटाकडे मान कलती केली, आणि पलीकडे नीट पोचावं म्हणून आवाज चढवून, बाबांच्याच आवाजात म्हणाला,

“अकरा झाले.”

पलीकडे, फळीमागे, खूप पावलं एक पाऊल पुढे सरकली. मग बाबांचं कण्हणं ऐकू आलं, त्यांचा गुडघा दुखतो तेव्हाचं.

चिझुरु रात्रभर बाबांचं म्हणणं मनात घोळवत बसली. ते बरोबर होतं, त्यात कुठेही चूक काढता येत नव्हती. सकाळ झाली तशी ती उठली, फडकी भिजवली, ब्रश तेलानं धुतला, आणि बारावा थर दिला.